निष्कर्ष आलिशान, पद्धत गायब: जुन्नरजवळच्या एका रिसॉर्टचं परीक्षण

जुन्नर शहराबाहेर, एका धरणाच्या फुगवट्याच्या काठावर, एक आलिशान रिसॉर्ट आहे. नाव सांगत नाही, कारण भांडण त्या एका रिसॉर्टशी नाही. २०१८ मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला, तेव्हा अशी आणखी होणारच. मावसभावाला कंपनीकडून दोन रात्रींचं व्हाउचर मिळालं होतं, त्याला रजा मिळेना, म्हणून आई आणि मी जाऊन राहिलो. खोलीचा एका रात्रीचा दर माझ्या महिन्याच्या फेलोशिपच्या निम्म्याहून जास्त. (एसआरएफ सध्या महिना ४२,००० रुपये आहे. जे आत्ता नेटची तयारी करताय त्यांनी जेआरएफचे ३७,००० धरावेत. ते दर महिन्याला येतील असं मात्र धरू नये.)

पेपर कसा वाचायचा, यावर इथे बरेचदा लिहून झालंय. आज पेपरऐवजी हे रिसॉर्टच वाचू. त्याच्या लॉबीत एक लांबलचक 'इतिहास भिंत' आहे, खोलीत गुळगुळीत कागदावरची पुस्तिका आहे, आणि त्या दोन्हींत जुन्नरच्या भूतकाळाबद्दल ठाम विधानं आहेत. आपण एखाद्या पेपरला जे प्रश्न विचारतो तेच या भिंतीला विचारले तर काय होतं? हे कसं कळलं, कुणी मोजलं, काय गाळलं, खर्च कुणाचा?

आधी चांगलं ते सांगते. झोप उत्तम लागली. नळ उघडल्याउघडल्या गरम पाणी येतं, हॉस्टेलवाल्यांना याचं मोल कळेल. आईने बाथटब बघून हाउसकीपिंगला फोन करून बादली मागवली आणि ती खरंच आली, तीही पितळेची. जेवणात मासवडी होती. जुन्नर-आंबेगावकडची मासवडी म्हणजे बेसनाच्या पारीत तीळ, खोबरं, कांदा, लसणाचं सारण. त्यात मासा नसतोच, नुसता आकार. ही मासवडी करणारा माणूस इकडचाच असणार, कारण आई म्हणाली, "मीठ बरोबर आहे." याहून मोठी दाद ती देत नाही.

फक्त त्या ताटाचं नाव होतं 'रॉयल सातवाहन थाळी'. त्यात मिरचीचा ठेचा, बटाट्याची भाजी, टोमॅटोचं सार आणि शेंगदाण्याची चटणी. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज समुद्रमार्गाने आल्यानंतरची. सातवाहनांना संपून तेव्हा तेरा शतकं झाली होती. हे कुणी मुद्दाम खोटं लिहिलेलं नाही. कुणी तपासलं नाही, इतकंच. चुकीच्या सायटेशन बहुतेक अशाच जन्मतात.

आता भिंत. तिचा पहिला चौकोन म्हणतो की १४ लाख वर्षांपूर्वी जुन्नरवर ज्वालामुखीच्या राखेचा पाऊस पडला. कुकडीकाठच्या बोरी गावात राखेचा थर आहे आणि त्याच्या संदर्भात अश्मयुगीन हत्यारं मिळाली, हे खरं. पण १४ लाख हा आकडा म्हणजे एका लांबलेल्या वादातली पहिली बाजू आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने सुमारे १४ लाख वर्षं हे वय आलं. १९९० च्या दशकात आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने सुमारे ६ लाख ७० हजार आलं. त्याच सुमारास दुसऱ्या एका गटाने राखेची रासायनिक घडण तपासून ती सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या सर्वांत अलीकडच्या महाउद्रेकाची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची आहे, असं मांडलं. त्यानंतरही जुन्या वयाच्या बाजूने पेपर आले. १४ लाख आणि ७५ हजार यांत जवळजवळ एकोणीस पट फरक आहे. हा फरक का पडतो, राख जिथे पडली तिथेच आहे की नदीने उचलून पुन्हा टाकली, नमुन्यात जुने कण मिसळले होते का, हे सगळं खरं तर भिंतीवरचं सर्वांत रंजक प्रकरण झालं असतं. त्याऐवजी सर्वांत मोठा आकडा उचलला. आपणही प्रपोजलच्या पहिल्या परिच्छेदात हेच करतो, आठवून बघा.

दुसरा चौकोन नाणेघाटाचा, 'जगातला पहिला टोलनाका'. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे आणि त्यात जकातीची नाणी टाकत, असं आपण सगळे शाळेच्या सहलीपासून ऐकत आलोय. कोकणातली बंदरं आणि घाटावरची बाजारपेठ यांना जोडणाऱ्या वाटेवर जकात असणं अगदी संभवनीय आहे. पण तिथल्या लेण्यातला नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख यज्ञांबद्दल आणि दक्षिणेबद्दल बोलतो: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण. त्या दक्षिणेच्या मोजदादीमुळे भारतातल्या अगदी जुन्या अंकचिन्हांचा पुरावा आपल्याला मिळाला. रांजणाबद्दल त्यात काही नाही. संभव आणि पुरावा यांच्यामधली जागा भिंतीने 'जगातला पहिला' या शब्दांनी बुजवली.

त्यानंतर भिंत थेट १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर पोहोचते. मधली सुमारे चौदाशे वर्षं कोरी. मलिक अहमदने १४९० मध्ये स्वतंत्र सत्ता उभी केली, ती निजामशाही, आणि अहमदनगर वसण्याआधी तिची राजधानी जुन्नरच होती. हापूसबागेतला सौदागर घुमट शहराबाहेर अजून उभा आहे. रिसॉर्टच्या गाडीतून येताना तो वाटेत दाखवता आला असता. ही वर्षं का गाळली असतील याचा माझा अंदाज तुमच्यासारखाच आहे, पण अंदाज आहे, म्हणून पुढे जात नाही. गंमत एवढीच, की जुन्नरचं खरंखुरं शाही वैभव गाळल्यावर शाही दिसण्यासाठी काहीतरी उसनं आणावं लागलं. म्हणून कमानी आणि झरोके राजस्थानी. उदयपूरचा लेक पॅलेस हा अठराव्या शतकातला खरा राजवाडा होता, त्याचं पुढे हॉटेल झालं. मग राजवाडा नसतानाही राजवाड्यासारखी हॉटेलं बांधायची पद्धत पडली, आणि ती पसरत पसरत बेसॉल्टच्या प्रदेशात गुलाबी दगडाचा रंग लावून उभी राहिली.

कोऱ्या चौदाशे वर्षांत एक माणूस होता ज्याला या भिंतीवर पहिली जागा मिळायला हवी होती. तो जुन्नरचा पाहुणा होता आणि त्याने आपल्या मुक्कामाबद्दल लिहून ठेवलंय. अफनासी निकितीन, रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी. १४७० च्या आसपास तो चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. तेव्हा इथे बहामनी सत्ता होती. सोबत विकायला एक घोडा होता, तो आणण्यातच त्याचा बहुतेक पैसा गेला होता. पावसाळा त्याने जुन्नरमध्ये काढला. त्याच्या प्रवासवर्णनात चार महिन्यांचा पाऊस आणि सगळीकडचा चिखल आहे, शहराकडे जाणारी अरुंद वाट आहे, घोड्यांना काय खायला घालतात ते आहे (खिचडीसुद्धा!). परदेशी व्यापारी कुठे उतरतात आणि त्यांचं जेवण कोण रांधतं तेही आहे: उतारशाळा चालवणाऱ्या बायका. त्या बायकांबद्दल तो पुढे जे लिहितो ते सरसकट खरं धरू नये. एका परक्या पुरुषाने दोन-चार अनुभवांवरून केलेलं सामान्यीकरण आहे ते. पण निदान जेवण आपोआप टेबलावर येतं असं तो भासवत नाही.

जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर सोन्याची नाणी, नाहीतर दंड, आणि विचाराला चार दिवस. निकितीनची पाचावर धारण बसली. शेवटी खुरासानच्या एका प्रतिष्ठित माणसाने मध्यस्थी केली आणि घोडा सुटला. परक्या मुलखात पाहुणा किती असहाय असू शकतो, हे त्या चार दिवसांत कळतं. पुढे बिदरला गेल्यावर तो लिहितो की इथले सरदार डामडौलात, चांदीच्या पलंगांवरून मिरवले जातात आणि गावाकडची माणसं मात्र कंगाल आहेत. वैभव बघताना त्याची नजर ते वैभव खांद्यावर वाहणाऱ्यांकडे गेली. मी त्याला भोळा साक्षीदार मानत नाही. त्याला इथला माल महाग वाटला होता आणि घरची आठवण येत होती, त्यामुळे तो चिडलेलाही होता. पण त्याच्या मजकुरात किंमत आहे, हवामान आहे, रांधणारी आहे, सत्ता आहे. आपल्या भाषेत, त्याच्या पेपरला मेथड्सचा भाग आहे.

त्याहून जुना पुरावा तर रिसॉर्टच्या गच्चीवरून दिसणाऱ्या डोंगरांतच आहे. जुन्नरच्या भोवती, शिवनेरी, तुळजा, मानमोडी, लेण्याद्रीत मिळून, दोनशेहून अधिक शैलगृहं आहेत आणि त्यांत ब्राह्मी लिपीतले, प्राकृत भाषेतले दानलेख. पुस्तिकेत यांना 'गूढ लेणी' म्हटलंय. गूढ कसली? हे लेख इतके रोखठोक आहेत की पावती वाटावी. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. (हे यवन ग्रीक की ग्रीकांशी नातं सांगणारे इथलेच, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.) नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी पोढी आणि मंडप दिला. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने लेणं आणि पोढी दिली. बांबूकाम करणाऱ्या आणि काशाची भांडी करणाऱ्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचे लेख आहेत, करंजाची झाडं लावण्यासाठी जमीन दिल्याचा लेख आहे. नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली पोढी आहे, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा माणूस घाटमाथ्यावर पाण्याची सोय करून गेला. कुणी दिलं, कुठला माणूस, काय दिलं, कशासाठी, सगळं एका-दोन ओळींत.

माझं काम बेसॉल्टमधल्या भूजलावर आहे, म्हणून या टाक्यांपाशी मी जरा जास्तच रेंगाळते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. काही घट्ट, काही सच्छिद्र, मध्ये कुठे तांबडा मातकट पट्टा. घट्ट थर पाणी धरून ठेवतो, सच्छिद्र थरातून आणि भेगांतून ते पाझरतं. टाकं खोदणाऱ्याला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं, हातोडीच्या आवाजातून कळत असावं. जागा चुकली की टाकं गळतं. दोन हजार वर्षांनी उन्हाळ्यातही ज्यांत पाणी दिसतं ती टाकी म्हणजे बरोबर आलेला प्रयोग.

इथपर्यंत लिहून मला एक छान वाक्य सुचलं होतं: जुन्या जुन्नरने पाणी वाटसरूला दिलं, नव्या जुन्नरने ते कुंपणात घातलं. गाइडला पाठवलं असतं तर समासात लाल प्रश्नचिन्ह आलं असतं, आणि योग्यच. एक तर बहुतेक पोढ्या भिक्षुसंघाच्या होत्या. कुणालाही तिथे पाणी मिळे का, हे लेख सांगत नाहीत. दुसरं, दानलेख हीसुद्धा जाहिरातच आहे. पुण्य मिळावं, नाव राहावं म्हणून कोरलेली. दगड फोडणाऱ्याचं नाव त्यातही सहसा नाही. तिसरं, जे दगडात होतं ते टिकलं. लाकडातल्या धर्मशाळा, सरदारांचे हौद, सामान्यांचे पाणवठे गेले. टिकलेल्या नमुन्यावरून सगळ्या काळाबद्दल बोलणं ही तीच चूक, जी भिंतीने केली. म्हणून वाक्य खोडलं. उरतं ते एवढं: दानलेखाला उलटे प्रश्न विचारता येतात कारण तो काहीतरी निश्चित सांगतो. भिंतीला विचारताच येत नाहीत.

मग मी रिसॉर्टला त्याचं पाणी विचारलं. रिसेप्शनवरून उत्तर आलं, "मॅम, आमच्याकडे चोवीस तास पाणी आहे." हा निष्कर्ष झाला. बागेतल्या काकांनी सांगितलं की दोन बोअर आहेत, एप्रिलनंतर टँकर येतो. तेव्हा मी वहीत हिशेब मांडला. तलाव अंदाजे २५ मीटर लांब, १० मीटर रुंद, म्हणजे २५० चौरस मीटर पृष्ठभाग. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर रोज २,००० लिटर नुसते हवेत. जलजीवन मिशनचा ग्रामीण निकष माणशी दिवसाला ५५ लिटर. म्हणजे काहीही न वापरता ३६ माणसांचं पाणी.

आकडा झणझणीत आहे आणि म्हणूनच सावध राहायला हवं. पोहण्याचा तलाव डोळ्यांत भरतो. हिरवळीकडे कुणी बघत नाही. एकरभर, म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर लॉनला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी दिलं तर २०,००० लिटर होतात, तलावाच्या दहापट. आणि एकरभर उसालाही पाणी साधारण त्याच घरातलं लागतं. माझ्या मामाचा ऊस अडीच एकर आहे. हा परिच्छेद मामा वाचणार नाही अशी आशा आहे. ऊस आणि लॉन एकच नाहीत हे मलाही कळतं, उसावर मामेभावाची इंजिनिअरिंगची फी निघाली. पण पाण्याचा आकडा काढताना आपल्या घरचा ऊस वगळून काढता येत नाही.

उसावरून बिबट्या आठवला. भिंतीवर त्याचं चित्र आहे, 'निसर्गाच्या कुशीत' या ओळीखाली. अंधार पडला की रेस्टॉरंटपासून खोलीपर्यंत जेमतेम दोनशे मीटरही पाहुण्यांना विजेच्या बग्गीतून नेतात. मला वाटलं, काय हे लाड. चालवणारा मुलगा हळूच म्हणाला, "लाड नाहीत मॅडम, बिबट्या." विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा २०११ चा पेपर काढून वाचा. जुन्नर भागातून पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. सद्‌हेतूने केलेला उपाय कसा उलटतो, याचं यापेक्षा जवळचं उदाहरण आपल्याला मिळायचं नाही. तो मुलगा आम्हाला सोडून, ड्यूटी संपवून, उसाच्या मधल्या रस्त्याने मोटारसायकलवर घरी जाणार होता. त्याच्यासाठी बग्गी नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पाण्याकडे तोंड करून बसलो होतो. पुस्तिकेत या पाण्याला 'प्राचीन सरोवर' म्हटलंय. आईला वाचून दाखवलं. "अगं, सरोवर कसलं, धरण आहे हे," ती म्हणाली. आईचं आजोळ आंबेगाव तालुक्यातलं, डिंभे धरणात गेलेल्या गावांपैकी एक. खुद्द आंबेगाव नावाचं गावही त्याच पाण्याखाली आहे. तालुक्याला नाव राहिलं, गाव राहिलं नाही. कुकडी प्रकल्पाची धरणं, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे, यांचं पाणी पूर्वेकडे दुष्काळी तालुक्यांत जातं. तिकडच्या माणसाला विचारलं तर तो धरणाला हात जोडेल, आणि त्याचंही चुकत नाही.

चहा आणणाऱ्या मुलाला आईने विचारलं, "बाळा, यात गावं कुठली गेली रे?" दोन दिवस तो आईला 'मॅम' म्हणत होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, ट्रे खाली ठेवला आणि बोटाने दाखवत सांगायला लागला: तिकडे देऊळ होतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचा चौथरा दिसतो, पलीकडे आमच्या आजीचं शेत. मग म्हणाला, "मावशी, हे आम्ही गेस्टला सांगत नाही. लेक व्ह्यू म्हणायचं असं ट्रेनिंग आहे." तेवढ्यात त्याला आतून हाक आली.

निघताना अभिप्रायाचा फॉर्म दिला. खोली, जेवण, सेवा, स्वच्छता, प्रत्येकी पाच तारे. इतर सूचनांना एक ओळ. ती पुरली नाही म्हणून घरी येऊन सविस्तर ईमेल केला: बोरीच्या राखेची तिन्ही वयं, थाळीतली मिरची, निजामशाही, निकितीन, आणि 'प्राचीन सरोवर' या शब्दांच्या जागी धरणाचं नाव आणि बुडालेल्या गावांची नावं लिहावीत, ती तुमच्या कर्मचाऱ्यांना पाठ आहेत, अशी विनंती. बग्गीवाल्याचं आणि चहावाल्या मुलाचं बोलणं अर्थातच लिहिलं नाही. मुलाखत देणाऱ्याची ओळख उघड करायची नसते, हा नियम इथेही लागू होतो.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी आभार मानले होते, मजकूर संबंधित टीमकडे पाठवल्याचं कळवलं होतं, आणि पुढच्या मुक्कामावर पंधरा टक्के सूट देऊ केली होती, लेक व्ह्यू खोली उपलब्ध असल्यास.